ऑपरेशनं करा, संशोधन कशाला?

"डोळ्यांच्या बाबतीत आता शोधायचं काय राहिलंय? मोतीबिंदूचं ऑपरेशन दहा मिनिटांत होतं. सकाळी नेलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन टीव्ही बघतो. पैसे असतील तर आणखी शिबिरं घ्या, आणखी चार म्हाताऱ्यांना दृष्टी द्या. संशोधन परदेशातल्या लोकांना करू दे, त्यांच्याकडे पैसा आहे. आपल्याकडे गरिबांवर प्रयोग करायचे आणि इंग्रजीत निबंध छापायचे, याचा कुणाला उपयोग?"

हे मत मी विश्वस्तांकडून ऐकलंय, शिबिरांना सढळ हाताने मदत करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून ऐकलंय, निवृत्त शिक्षकांकडून ऐकलंय आणि, सांगायला वाईट वाटतं, काही डॉक्टरांकडूनही ऐकलंय. ही माणसं स्वार्थी नाहीत. पदरचे पैसे घालून दुसऱ्याच्या आंधळ्या आईला दिसू लागावं म्हणून धडपडणारी आहेत. त्यांचा शब्द समाजात चालतो, त्यांच्या सहीने पैसा हलतो, आणि म्हणूनच त्यांच्या या मताने खरा अपाय होतो. एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या बैठकीत एका तरुण डॉक्टरने, ऑपरेशन झालेल्या लोकांना सहा आठवड्यांनी गावात जाऊन तपासायचं म्हणून एक गाडी आणि एक माणूस मागितला. "त्या पैशात आणखी पंचवीस डोळे होतील," असं सांगून त्याला खाली बसवलं गेलं. बैठकीत कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, आणि ते का वाटलं हे सविस्तर मांडायची वेळ आली आहे.

सगळं शोधून झालंय, हे पहिलं गृहीतक. ज्या दहा मिनिटांच्या ऑपरेशनचा दाखला दिला जातो, ते आलं कुठून? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हेरॉल्ड रिडली यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम लेन्स बसवली. लढाऊ विमानांच्या छताचे, पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे तुकडे जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत तसेच राहून गेले तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही, हे त्यांनी युद्धकाळात पाहिलं होतं. त्यांच्याच देशातल्या नामवंत नेत्रतज्ज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला. डोळ्यातून काही काढणं हे शल्यविशारदाचं काम, आत काही घालणं हा अविचार, असा तो काळ होता. सुरुवातीच्या लेन्स जागा सोडत, डोळे सुजत, काही लेन्स काढून टाकाव्या लागत. आकार बदलले, बसवायची जागा बदलली, कामाची पद्धत बदलली. ही घडी नीट बसायला तीसेक वर्षं गेली. "सगळं शोधून झालंय" हे वाक्य १९४८ सालीही कुणीतरी म्हटलंच असणार, कारण मोतीबिंदू तेव्हाही काढला जातच होता.

आणि तो काढल्यावर काय मिळत होतं? ज्यांच्या घरात सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकात आजी-आजोबांचा मोतीबिंदू निघाला, त्यांना तो चष्मा आठवत असेल. दहा नंबरच्या आसपासची, मधोमध फुगलेली जाड भिंगं. त्यातून प्रत्येक वस्तू सुमारे पाव पटीने मोठी दिसे. पायरी आहे त्याहून जवळ वाटे, म्हणून पाऊल चुके. पेल्यात पाणी ओतताना धार बाहेर जाई. समोरचं दिसे, पण नजरेच्या कडेचा एक पट्टाच नाहीसा होई, आणि बाजूने येणारी सायकल एकाएकी अंगावर आल्यासारखी वाटे. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांच्या चित्रांचा मेळ बसत नसे, मग माणूस दुसऱ्या डोळ्यावर हात धरून चाले. चष्मा फुटला, एसटीत राहिला, की तो माणूस पुन्हा आंधळा. तरीही शिबिराच्या वहीत त्याची नोंद "यशस्वी ऑपरेशन" अशीच राही.

त्या काळात आपल्याकडे विचारी माणसं असं म्हणत होती: लेन्स श्रीमंतांसाठी, जाड चष्मा गरिबांसाठी. लेन्स परदेशातून येते, शंभर डॉलरच्या घरात पडते. ती बसवायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात जुन्या पद्धतीने जास्त लोकांचं काम होतं. शिवाय खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यात ती टिकेल की नाही, कोण सांगणार? आजच्या "ऑपरेशनं करा, संशोधन कशाला" या मताचं हेच मूळ रूप आहे. जे हाताशी आहे ते वाटत सुटा, चांगलं आहे का ते विचारू नका.

ते विचारलं मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने. डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी १९७६ साली अकरा खाटांवर सुरू केलेल्या या संस्थेने नव्वदच्या दशकात ४० ते ७५ वयाच्या ३,४०० रुग्णांची चाचणी घेतली. कुणाला जुनं ऑपरेशन आणि जाड चष्मा, कुणाला लेन्स, हे डॉक्टरच्या मर्जीवर किंवा रुग्णाच्या खिशावर सोडलं नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. मग वर्षभर पाठपुरावा केला. तक्त्यावरचं अक्षर किती दिसतं एवढंच मोजलं नाही. चालता येतं का, घरातलं काम होतं का, माणसं ओळखू येतात का, हेही विचारलं. लेन्स सुरक्षित ठरली आणि दृष्टी व रोजचं जगणं दोन्ही बाबतींत सरस ठरली. दरम्यान १९९२ पासून त्याच परिवारातल्या ऑरोलॅबने मदुराईतच लेन्स बनवायला घेतली होती आणि तिची किंमत परदेशी लेन्सच्या काही अंशावर आणली होती. स्वस्त लेन्स आणि ती गरिबाच्याही डोळ्यात नीट राहते याचा पुरावा, या दोन्हींनी मिळून भारतातला तो जाड चष्मा हद्दपार केला. यातली एकच गोष्ट असती तर काम भागलं असतं का? पुराव्याशिवाय नुसती स्वस्त लेन्स गरिबाच्या माथी मारली असती, तर आज गरिबांवरच्या प्रयोगांचा संताप करणारेच तेव्हा रस्त्यावर आले असते, आणि रास्तपणे आले असते.

आता घराजवळच्या उदाहरणाकडे येतो, कारण या वादात त्याचं नाव निघतच नाही आणि याचं मला फार वाईट वाटतं.

लेन्स आली, पण ती बसवायला डोळ्याला दहा-बारा मिलिमीटरचा छेद द्यावा लागे आणि वर टाके. टाके बुबुळाला ओढतात, त्याची गोलाई बिघडते, तिरका नंबर येतो, आणि लेन्स असूनही माणूस चष्म्याविना चाचपडतो. यावर दोन उपाय पुढे आले. एक फेको: अतिसूक्ष्म कंपनांनी मोतीबिंदू आतच फोडून शोषून घ्यायचा. छेद अगदी लहान, पण यंत्र महाग, त्याला लागणारं सामान महाग, आणि हात बसायला वेळ. दुसरा उपाय हाताने करायचा, ज्याला आपल्याकडे बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बुबुळाच्या दिशेने सहा-साडेसहा मिलिमीटर रुंदीचा एक तिरका बोगदा कोरायचा. तो आतल्या बाजूला जास्त रुंद असतो. त्यातून मोतीबिंदूचा अख्खा गाभा बाहेर काढायचा, लेन्स आत सरकवायची, आणि हात काढून घ्यायचा. डोळ्याच्या आतल्या दाबानेच बोगद्याची आतली कड झडपेसारखी मिटते. टाका लागत नाही.

कागदावर हे सुंदर वाटतं. पण अनेक अनुभवी शल्यविशारदांना त्याची धास्ती होती. एवढा मोठा, पिकलेला, कडक गाभा अरुंद बोगद्यातून ओढताना बुबुळाच्या आतल्या नाजूक थराला घासला तर? तो थर एकदा गेला की पुन्हा येत नाही, बुबुळ सुजून पांढरं पडतं. ही शंका खरी होती. तिचं उत्तर अनुभवाच्या गप्पांनी मिळणार नव्हतं, कारण प्रत्येक डॉक्टरला आपल्या हातचं ऑपरेशन चांगलंच वाटतं.

उत्तर मिळालं पुण्यात, हडपसरजवळ महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात. डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७४१ रुग्णांची चाचणी घेतली: टाक्यांचं ऑपरेशन एका गटाला, बिनटाक्याचं दुसऱ्या गटाला. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी ७०६ जण पुन्हा तपासले गेले, म्हणजे शंभरातले पंच्याण्णव. आपल्याकडे शिबिरातून ऑपरेशन होऊन गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला दीड महिन्याने शोधून काढणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मुलगा मजुरीला गेलेला, आजी लेकीकडे गेलेली, पेरणी चालू, एसटी दुपारी एकच. गाडी आणि माणूस त्यासाठीच लागतो.

त्यातून जे हाती आलं ते बघा. चष्म्याशिवाय सहा-अठरा किंवा त्याहून चांगली दृष्टी, म्हणजे धड डोळ्याला अठरा मीटरवरून वाचता येणारं अक्षर निदान सहा मीटरवरून तरी वाचता येणं, ही टाक्यांच्या गटात ३७.३ टक्के लोकांना मिळाली आणि बिनटाक्याच्या गटात ४७.९ टक्के लोकांना. चष्मा दिल्यावर आकडे जवळ आले: ८६.७ आणि ८९.८. पण खेड्यातला माणूस ऑपरेशननंतर चष्मा करून घेतोच असं कुठे आहे? त्याला बिनचष्म्याचं काय दिसतं हाच खरा प्रश्न, आणि तिथे शंभरामागे दहा माणसांचा फरक पडला. डॉक्टर तेच, रुग्ण तसेच, लेन्स तशीच. फक्त छेद बदलला.

मग त्याच मंडळींनी पुढचा, जास्त अवघड प्रश्न घेतला. महागडी फेको श्रेष्ठ आहे असं सगळे गृहीत धरतात, तर किती श्रेष्ठ? ४०० रुग्ण, दोन गट, सहा आठवडे. २००५ साली छापलेलं उत्तर असं: चष्म्याशिवाय सहा-अठरा फेकोत ८१.१ टक्के, बिनटाक्यात ७१.१ टक्के. चष्म्यासह दोन्हीत ९८.४ टक्के. खर्च मात्र, त्यांनीच नंतर मांडलेल्या हिशेबात, फेकोचा अडीच पटींहून जास्त. फेकोला बिनचष्म्यात आघाडी आहे हे त्यांनी लपवलं नाही, आणि ती आघाडी कितीला पडते हेही छापलं. दोन वर्षांनी नेपाळमधल्या १०८ रुग्णांवर डॉ. सांदुक रुइत यांनी हाताने आणि अमेरिकेच्या डॉ. डेव्हिड चँग यांनी फेकोने ऑपरेशनं केली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ९८ टक्के लोकांना चष्म्यासह सहा-अठरा किंवा त्याहून चांगलं दिसत होतं. रुइत यांना सरासरी नऊ मिनिटं लागली होती, फेकोला साडेपंधरा.

शिबिरातलं जे "दहा मिनिटांचं ऑपरेशन" संशोधनाच्या विरोधात पुढे केलं जातं, त्यावर सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांचा विश्वास बसायला हे कागद कारण झाले. ज्या पैशात आणखी डोळे झाले असते, त्या पैशात इथे पुढच्या लाखो डोळ्यांचं ऑपरेशन कसं करायचं ते ठरलं. आता कुणी मला सांगावं की पुण्याच्या त्या दोन चाचण्यांवर झालेला खर्च वाया गेला. कोणत्या हिशेबाने?

"संशोधन परदेशात होऊ दे, आपण वापरू," हा पुढचा युक्तिवाद. तो व्यवहारी वाटतो, म्हणून अनेकांना पटतो. पण परदेशातल्यांनी आपले आजार शोधायचे कशासाठी? पाऱ्यासारखा चकाकणारा दुधी मोतीबिंदू आणि काळसर, दगडासारखा कडक मोतीबिंदू लंडनच्या डॉक्टरला वर्षात किती दिसतात? ऊसतोडीत, भातकापणीत पान डोळ्याला लागतं, खुपतं, कुणीतरी त्यात दूध घालतं, कुणी एरंडेल, आठवडाभराने डोळा लाल, बुबुळावर पांढुरका डाग, आणि त्यात वाढत असते बुरशी. उपचार चुकले तर फूल पडतं किंवा बुबुळ फुटतं. थंड हवेच्या श्रीमंत देशांत हा आजार दुर्मीळ आहे. त्यावर कोणतं औषध घालायचं हे ते का शोधतील?

आपल्याकडे ते शोधलं, तेही मुख्यतः मदुराईच्या अरविंदमध्ये, अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर. जुनं औषध नॅटामायसिन, नवं व्होरिकोनॅझोल. नवं आत जास्त शिरतं, म्हणून तेच भारी, असा सर्वांचा कयास. बहुतेक डॉक्टरांना चाचणीआधी विचारलं असतं तर त्यांनी नव्यालाच कौल दिला असता. ३२३ रुग्णांवर चाचणी झाली, २०१३ साली निकाल आला: जुनं नॅटामायसिन सरस. दृष्टी चांगली राहिली, बुबुळ फुटण्याची किंवा घाईने बदलावं लागण्याची वेळ कमी आली. फ्युजेरियम जातीच्या बुरशीत तर हा फरक फारच ठळक होता. चाचणी झाली नसती तर आज शेतमजुराला जास्त किमतीचं आणि कमी गुणाचं औषध प्रेमाने, सद्हेतूने दिलं जात असतं.

किंवा पेटीतल्या बाळाचा विचार करा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. त्या भलत्याच दिशेने वाढू लागल्या तर पडदा ओढला जातो, सुटतो, आणि बाळ कायमचं आंधळं होतं. वेळेत, म्हणजे निदानानंतर दोन-तीन दिवसांच्या आत लेझर केलं तर बहुतेकदा डोळा वाचतो. म्हणून कोणती बाळं तपासायची हे नक्की हवं. अमेरिकेचा नियम सांगतो: १,५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजन, किंवा ३० आठवडे अथवा त्याआधी जन्म, त्यावरचं बाळ फार आजारी असेल तरच. तो नियम आपण जसाच्या तसा उचलला असता तर १,८०० ग्रॅमचं, वरवर धड दिसणारं बाळ तपासणीविना घरी गेलं असतं. आपल्याकडे अशाही बाळांचे डोळे जातात हे इथल्या डॉक्टरांनी इथली बाळं तपासून, लिहून दाखवलं, आणि म्हणून आपला नियम २,००० ग्रॅमच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं प्रत्येक बाळ तपासायला सांगतो. आज जिल्ह्याच्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, जी आई बाळ घेऊन डोळे तपासायला थांबते, ती त्या संशोधनामुळे थांबते.

राहिला सगळ्यात जड शब्द: प्रयोग. गरिबांवर प्रयोग.

संमती न घेता, न सांगता, अडाणीपणाचा फायदा घेऊन माणसांवर औषधं तपासली गेली आहेत, जगात आणि आपल्या देशातही. त्यावरचा राग योग्य आहे, आणि त्या रागामुळेच आज नैतिकता समितीची मंजुरी लागते, २००९ पासून चाचणीची सार्वजनिक नोंद करावी लागते, २०१९ च्या नियमांनी नुकसानभरपाई बांधून दिली आहे. हे पाळत नाही त्याला शिक्षा व्हावी. पण चाचणीला विरोध करणारे दुसऱ्या प्रयोगाबद्दल कधी बोलत नाहीत. डॉक्टर सोमवारपासून नवं औषध वापरू लागतो कारण कंपनीचा माणूस येऊन गेला. नवी पद्धत सुरू करतो कारण परिषदेत पाहिली. त्यासाठी संमतीपत्र नाही, समिती नाही, तुलना नाही, वही नाही. हा प्रयोग नाही तर काय आहे? यातून काही शिकलं जात नाही म्हणून तो प्रयोग नव्हे, असं म्हणायचं आहे का?

१९४० च्या दशकात अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेटीत भरपूर प्राणवायू देणं हा उत्तम उपचार मानला जाई. चांगली रुग्णालयं, नवी यंत्रं, प्रेमळ परिचारिका. जिथे सोयी उत्तम तिथेच बाळं जास्त आंधळी होत होती. पडद्याच्या याच आजाराचं पहिलं वर्णन १९४२ साली झालं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत सुमारे दहा हजार बालकांची दृष्टी गेली. प्राणवायूच कारण असावा अशी शंका आर्नल पॅट्झ या तरुण डॉक्टरला आली आणि त्याने वॉशिंग्टनमध्ये तुलना सुरू केली. काही परिचारिकांना ते इतकं क्रूर वाटलं की कमी प्राणवायू मिळणाऱ्या बाळांच्या पेटीत त्या रात्री गुपचूप तो वाढवत. त्यांच्या मनात माया होती, आणि त्या मायेनेच बाळं आंधळी होत होती. १९५३-५४ मध्ये अठरा रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि शंका खरी ठरली. नंतर प्राणवायू फारच आखडल्याने बाळं दगावू लागली, तेव्हा योग्य मात्रा शोधायला पुन्हा चाचण्याच कराव्या लागल्या, आणि आजवर चालू आहेत. "बाळांवर प्रयोग नको" असं म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर आणखी किती वर्षं ती पेटी डोळे घेत राहिली असती?

मोठा खर्च नसलेल्या संशोधनाचंही एक उदाहरण देतो, कारण दरवेळी चिठ्ठ्या टाकाव्याच लागतात असं नाही. कधी प्रामाणिक वही पुरते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात जंतू शिरून पू होणं ही सगळ्यात भीषण गोष्ट. दोन-तीन दिवसांत डोळा जातो. अरविंदच्या रुग्णालयांनी ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन सोडायला सुरुवात केली आणि आधीचे-नंतरचे सहा लाखांवर डोळे मोजले. आधी ३,०२,८१५ ऑपरेशनांत २१४ डोळ्यांत पू झाला होता. नंतर ३,१४,६३८ ऑपरेशनांत ६४ डोळ्यांत. ज्या संस्थेत कुणाच्या डोळ्यात पू झाला हे लिहून ठेवायची पद्धतच नाही, तिला हा फरक कधी दिसणार? आणि पू झालेला रुग्ण गावी गेला, पुन्हा आलाच नाही, तर त्या संस्थेच्या अहवालात पू होण्याचं प्रमाण शून्य असतं. अशी शून्यं मी वाचलेली आहेत.

"प्रयोगशाळेत उंदीर-सशांवर काय चाललंय त्याचा इथल्या माणसाला काय उपयोग," असंही म्हणतात. चुन्याची पुडी पाहिली आहे ना? तंबाखूबरोबरची, प्लॅस्टिकची, चिमुकली. लहान मूल ती दाबतं, ती फुटते, चुना थेट डोळ्यात. बुबुळाभोवती, काळ्या आणि पांढऱ्याच्या सीमेवर, ज्या मूलपेशी आयुष्यभर बुबुळाचं वरचं आवरण नवं करत राहतात, त्या जळून जातात. मग बुबुळ झाकोळतं, रक्तवाहिन्या त्यावर चढतात, आणि नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवलं तरी तेही टिकत नाही. या पेशी तिथेच राहतात हे प्रयोगशाळेत कळलं, म्हणून १९९७ साली इटलीत धडधाकट डोळ्यातल्या पेशी वाढवून दुसऱ्या डोळ्यावर लावता आल्या. पण त्याला महागडी प्रयोगशाळा लागे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली सोपी वाट दाखवली: चांगल्या डोळ्याच्या त्या सीमेवरून ऊतीची अगदी लहानशी पट्टी घ्यायची, तिचे बारीक तुकडे करायचे, आणि गर्भाभोवतीच्या आवरणाच्या पातळ पापुद्र्यावर चिकटवून थेट जळालेल्या डोळ्यावरच पेरायचे. पेशी डोळ्यावरच वाढतात. सगळं एकाच ऑपरेशनमध्ये, वेगळ्या प्रयोगशाळेशिवाय. प्रयोगशाळेतला शोध नसता तर हे साधेपण सुचलंच नसतं.

आणि प्रयोगशाळेचा शोध रुग्णापर्यंत येण्याआधी अडवण्यासाठीही संशोधनच लागतं. २०१५ साली लॅनोस्टेरॉलच्या थेंबांनी कुत्र्यांचा मोतीबिंदू कमी झाल्याचं जगातल्या नामांकित नियतकालिकात आलं. भारतातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये निघालेले माणसांचे मोतीबिंदू त्या द्रावणात ठेवून पाहिले; काही फरक पडला नाही. २०१९ साली आणखी एका प्रयोगशाळेत ते फोल ठरलं. तरी मोतीबिंदू विरघळवणारे थेंब विकणारे आहेतच, आणि ते थेंब घालत बसल्याने ऑपरेशन लांबवणारी माणसंही आहेत. त्यांना वाचवायचं तर "असं होत नाही, हे बघा" म्हणणारा कुणीतरी तपासलेला कागद हवा.

संशोधन म्हणजे कंपन्यांची जाहिरात किंवा नुसती निबंधांची छपाई, हा आरोप मी दुसऱ्या बाबतीत मान्य करतो: बढतीसाठी पाडलेले, कुणाच्याही उपयोगाचे नसलेले निबंध आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि ते बंद व्हावेत. पण कंपन्यांना खोटं पाडलं ते कुणी? वयोमानाने पडदा खराब होणाऱ्या रुग्णांना डोळ्यात टोचायचं औषध अमेरिकेत एका डोसला दोन हजार डॉलर होतं. त्याच कंपनीचं कर्करोगावरचं जवळचंच औषध डोळ्याच्या मात्रेत पन्नास डॉलरला पडत होतं. दोन्ही सारखी आहेत का हे तपासायची कंपनीला इच्छा असायचं कारणच नव्हतं. सरकारी पैशाने बाराशे रुग्णांची चाचणी झाली, २०११ साली निकाल आला: सारखीच. फ्रान्समध्येही असंच झालं. फेम्टो लेझरने मोतीबिंदू काढला तर जास्त चांगलं, असं सांगून रुग्णांकडून जास्त पैसे घेतले जात होते. सार्वजनिक रुग्णालयांच्या चाचणीत २०२० साली ते महागडं यंत्र साध्या फेकोपेक्षा सरस ठरलं नाही. खिसा कापणाऱ्याचा हात धरायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा कंपनी देत नाही.

म्हणून विश्वस्तांकडे, देणगीदारांकडे आणि जिल्ह्यातल्या सरकारी अधिकाऱ्यांकडे माझी मागणी स्पष्ट आहे. सहा आठवड्यांनी गावात जाऊन तपासायचा खर्च शिबिराच्या अंदाजपत्रकात ऑपरेशनच्याच रकान्यात लिहा, "इतर"मध्ये नको. फलकावर किती ऑपरेशनं झाली हा आकडा लावता, त्याच्या शेजारी दीड महिन्याने चष्म्याशिवाय सहा-अठरा किती जणांना दिसलं तो आकडा लावा. किती डोळ्यांत पू झाला तो लावा, किती जण तपासायला सापडलेच नाहीत तोही लावा. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या ऊसपट्ट्यातल्या रुग्णालयांनी बुबुळाच्या जखमांची एकच सामाईक नोंदवही ठेवावी. एसएनसीयूमधून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कागदावर डोळे तपासल्याची तारीख असावी, आणि नसेल तर ते बाळ शोधायची जबाबदारी कुणाची हे त्याच कागदावर नावानिशी असावं. तरुण डॉक्टर "आपल्याकडची पद्धत खरंच चांगली आहे का ते तपासू द्या" असं म्हणत असेल तर त्याला गाडी द्या, माणूस द्या, दोन वर्षं द्या. हा सगळा ऑपरेशनचाच खर्च आहे. तो मंजूर केल्याशिवाय पुढचं शिबिर मंजूर करू नका.